साठ दिवसांचा सैनिक

मे २०२५ मधले ते चार-पाच दिवस आठवतात? ऑपरेशन सिंदूर सुरू झालं होतं आणि ऑफिसात कुणाचंच कामात लक्ष नव्हतं. एका मॉनिटरवर कोड, दुसऱ्यावर बातम्या. शुक्रवारी, ९ मेला, दुपारी बातमी आली की प्रादेशिक सेनेतल्या, म्हणजे टेरिटोरियल आर्मीतल्या प्रत्येक अधिकाऱ्याला आणि जवानाला गरज पडेल तसं बोलावून घ्यायचे अधिकार केंद्र सरकारने लष्करप्रमुखांना दिलेत. दहा मिनिटांत टीमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर धोनीचे फोटो सुरू झाले. आता हेलिकॉप्टर शॉट सीमेवर बसणार वगैरे वगैरे. मीही एक हसरा चेहरा टाकला. खोटं कशाला बोला!

कँटीनमध्ये आमच्या टीममधला एक जण मात्र गप्प जेवत होता. ऑफिसात त्याला सगळे अर्धवट चेष्टेत 'लेफ्टनंट' म्हणतात, इथेही तेच नाव चालवतो. पोळीचा तुकडा हातात तसाच धरून तो मला म्हणाला, "अरे, सोमवारी जावं लागलं तर माझं मोड्यूल कुणाला देऊ? केटी आजच सुरू करू का?"

कारण तो खरोखरच लेफ्टनंट आहे. परीक्षा, मुलाखत, एसएसबी, मेडिकल असं सगळं पार करून प्रादेशिक सेनेत गेलेला. वर्षातले दहा महिने तो हिंजवडीत आमच्यासारखाच जावा आणि डेटाबेसशी झगडतो आणि दोन महिने कॅम्पला जातो. मी त्याचा टीम लीड. चार वर्षं शेजारी बसतोय, आणि त्या दोन महिन्यांत तो नेमकं काय करतो हे मी त्याला धड विचारलंही नव्हतं. त्या दुपारी पहिल्यांदा विचारलं. पुढे त्याच्या युनिटला बोलावणं आलं नाही, दुसऱ्या दिवशी युद्धविरामही झाला. पण माझ्या डोक्यात एक प्रश्न बसला तो बसलाच. वर्षातून साठ दिवस सराव करणारा माणूस खरंच सैनिक म्हणून तयार असतो का? आणि नसेल, तर त्यात दोष कुणाचा?

आधी थोडी माहिती, कारण आपल्यापैकी बहुतेकांची गाडी धोनीपाशीच अडकते. (धोनीला २०११ साली मानद लेफ्टनंट कर्नल केलं. त्याने पुढे आग्र्याला पॅराशूटच्या उड्या मारल्या आणि २०१९ मध्ये पंधरा दिवस काश्मीरमध्ये आपल्या युनिटबरोबर राहूनही आला. पण ते मानद पद. आमचा लेफ्टनंट ज्या रांगेतून गेला ती रांग वेगळी.)

प्रादेशिक सेनेचा कायदा १९४८ चा. ९ ऑक्टोबर १९४९ ला राजगोपालाचारींनी तिचं उद्घाटन केलं. कल्पना साधी: ज्याचं पोट दुसऱ्या कामावर चालतं अशा नागरिकाने थोडा वेळ देऊन सैनिकी शिक्षण घ्यायचं आणि गरज पडली की गणवेश चढवायचा. अधिकारी व्हायचं तर वय १८ ते ४२, पदवी आणि स्वतःची कमाई हवी. नोकरी सोडून या असं इथे कुणी म्हणत नाही, उलट नोकरी किंवा धंदा असेल तरच या म्हणतात. पायदळाच्या बटालियनी आहेत, झाडं लावणाऱ्या पर्यावरण बटालियनी आहेत, तेल कंपन्यांच्या आणि रेल्वेच्या कर्मचाऱ्यांमधून उभ्या राहिलेल्या तुकड्याही. १९६२, ६५, ७१ या तिन्ही युद्धांत ही मंडळी कामाला आली. आपल्याकडे कोल्हापूरला मराठा लाइट इन्फन्ट्रीशी जोडलेली १०९ वी बटालियन आहे आणि पुण्यात १०१ वी. म्हणजे आपल्या रोजच्या ट्रॅफिकपासून हे काही फार लांब नाही.

आता तयारीचा हिशेब. प्रादेशिक सेनेच्या अधिकाऱ्याला पहिल्या वर्षी एक महिना प्राथमिक प्रशिक्षण, दरवर्षी दोन महिने वार्षिक कॅम्प आणि पहिल्या दोन वर्षांत केव्हातरी तीन महिन्यांचं आणखी एक प्रशिक्षण. बेरीज करा. दोन वर्षांत आठ महिने, तेही तुकड्या-तुकड्यांनी. शॉर्ट सर्व्हिस कमिशनवाला अधिकारी चेन्नईच्या अकादमीत सलग ४९ आठवडे रगडला जातो, आणि मग कुठे त्याच्या खांद्यावर तारे लागतात. त्यानंतर तो रोजच लष्करात असतो. आमच्या लेफ्टनंटच्या बाबतीत मात्र दोन कॅम्पच्या मध्ये दहा महिन्यांचं हिंजवडी असतं!

तुम्ही म्हणाल, मग उत्तर सोपं आहे, दिवस वाढवा. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण जरा आपल्याच कामाकडे बघा. एखाद्या प्रोजेक्टपासून दहा महिने लांब राहून परत आलात, तर एकट्याने कोड लिहायला हात बसायला किती वेळ लागतो? दोन-तीन दिवस. बोटांना आठवतं. पण रात्री दोन वाजता प्रॉडक्शन पडलंय, कॉलवर चौदा माणसं आहेत, त्यातली सहा नवीन, कुणाला काय विचारायचं ठाऊक नाही, डेटाबेसवाला नेटवर्कवाल्याकडे बोट दाखवतोय आणि क्लायंट ओरडतोय... अशा वेळी तुमचं वैयक्तिक कौशल्य कितीही असो, ती चौदा माणसं एकत्र काम करायला सरावलेली नसतील तर सकाळपर्यंत काही खरं नाही.

लष्कराचंही असंच असणार असा माझा कयास होता. लेफ्टनंट म्हणाला, "अगदी तसंच. रायफल दोन दिवसांत हातात बसते. प्लॅटून बसायला सगळा कॅम्प जातो. आणि बसली की कॅम्प संपतो."

याचं जगातलं सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेचं आहे. तिथल्या नॅशनल गार्डचे सैनिक साधारण महिन्यातून एक वीकएंड आणि वर्षातून पंधरा दिवस सराव करतात. ऑगस्ट १९९० मध्ये सद्दामच्या फौजा कुवेतमध्ये शिरल्या. अमेरिकेच्या २४ व्या इन्फन्ट्री डिव्हिजनच्या दोन ब्रिगेड पूर्णवेळ होत्या आणि तिसरी म्हणून कागदावर होती जॉर्जिया राज्याच्या नॅशनल गार्डची ४८ वी ब्रिगेड. वर्षानुवर्षं ठरलेली जोडी. पण डिव्हिजन सौदी अरबस्तानला निघाली तेव्हा ४८ व्या ब्रिगेडला मागे ठेवून तिच्या जागी दुसरी पूर्णवेळ ब्रिगेड पाठवली. नोव्हेंबरअखेर ४८ व्या ब्रिगेडला बोलावणं आलं, मग कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात फोर्ट अर्विनला तिचा कसून सराव घेतला. 'लढाईला तयार' असा शिक्का तिला मिळाला २८ फेब्रुवारी १९९१ रोजी. युद्धविराम झाला तोही २८ फेब्रुवारीलाच!

हसायला येतं, पण गंमत पुढेच आहे. त्याच युद्धात नॅशनल गार्डच्याच तोफखान्याच्या दोन ब्रिगेड, एक आर्कान्साची आणि एक टेनेसीची, सौदीला जाऊन प्रत्यक्ष लढल्या. ट्रक चालवणारे, दवाखाना चालवणारे राखीव सैनिकही गेले. माणसं तीच, अर्धवेळच, सराव तेवढाच. मग फरक कुठे पडला? मला वाटतं, कामात. तोफेवरच्या तुकडीचं काम ठरलेलं असतं, माणसं मोजकी असतात, गावातल्या मैदानावरही त्याची उजळणी होते. ट्रक चालवणारा तर नागरी आयुष्यातही ट्रकच चालवत असतो. पण काही हजार माणसं, शेकडो रणगाडे आणि चिलखती गाड्या एकाच वेळी, एकाच दिशेने, रात्री, रेडिओवर बोलत हलवायच्या, हे वीकएंडला जमणारं काम नव्हे. त्यातही सैनिकांपेक्षा वरच्या अधिकाऱ्यांचा सराव कमी पडतो, कारण पूर्ण ब्रिगेड एकत्र मैदानात उतरवायची संधीच त्यांना क्वचित मिळते.

म्हणून माझं मत असं झालंय की 'अर्धवेळ सैनिक तयार असतो का?' हा प्रश्नच अर्धा आहे. कशासाठी तयार, हे आधी सांगा. साठ दिवसांत बसणारं काम दिलंत तर तो तयार असतो. साठ दिवसांत न बसणारं काम दिलंत तर साठाचे नव्वद केलेत तरी तो तयार नसतो, आणि ते खापर त्याच्या डोक्यावर फोडण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे हा विचार बऱ्यापैकी झालेला दिसतो. प्रादेशिक सेनेच्या कामाची व्याख्याच मुळी नियमित सेनेला स्थिर कामांतून मोकळं करायचं अशी आहे. पूल, डेपो, रेल्वेमार्ग, दळणवळण यांची राखण. काश्मीरमध्ये स्थानिक तरुणांच्या 'होम अँड हार्थ' बटालियनी काढल्या, कारण गल्ली, भाषा आणि माणसं ओळखणं हे कुठल्याच कॅम्पमध्ये शिकवता येत नाही. मसुरीच्या उघड्या पडलेल्या डोंगरांवर १९८२ पासून पहिल्या पर्यावरण बटालियनने झाडं लावली. त्यात निवृत्त सैनिक घेतले, म्हणजे शिस्त आणि मूळ प्रशिक्षण आयतंच. आणि २०२३ मध्ये चिनी भाषा येणारी पाच माणसं प्रादेशिक सेनेत घेतली, सीमेवरच्या बैठकांत दुभाषी म्हणून. हे मला सगळ्यात पटलं. मँडरिन शिकायला पाच-सात वर्षं घालवलेला माणूस आयता मिळतो, त्याला सैन्याच्या रीतीभाती तेवढ्या शिकवायच्या. सायबर सुरक्षेचंही असंच आहे. रोज दहा तास सर्व्हरची राखण करणारी माणसं आपल्या आजूबाजूला खच्चून भरलीत. त्यांचे उरलेले दहा महिनेही सरावातच जातात की!

पण 'स्थिर काम' म्हणजे 'सोपं काम' असं कुणी समजू नये. ३० जून २०२२ च्या पहाटे मणिपूरमध्ये नोनी जिल्ह्यात डोंगर खचला. तिथे जिरीबाम-इम्फाळ रेल्वेमार्गाचं काम चालू होतं आणि त्या कामाच्या राखणीला प्रादेशिक सेनेची १०७ वी बटालियन होती. तिचा तळच दरडीखाली गेला. रेल्वेचे कामगार आणि जवान मिळून पन्नासहून जास्त माणसं गेली, त्यांत जवान पंचविसाहून जास्त. शत्रूची एक गोळी सुटली नव्हती. ती बातमी मी त्या वेळी नक्कीच वाचली असणार. प्रादेशिक सेना हा शब्दही वाचला असणार. लक्षात काहीच राहिलं नाही.

हे झालं लष्कराच्या बाजूचं. दुसरी बाजू आपली आहे, आणि ती लिहिताना जरा जड जातंय.

अर्धवेळ सैनिकाची तयारी कॅम्पमध्ये जेवढी घडते तेवढीच त्याच्या ऑफिसात बिघडते किंवा टिकते. कॅम्पची तारीख जवळ आली की ह्याच्या पोटात गोळा येतो. शत्रूचा नाही, रिलीजच्या तारखेचा! मॅनेजर तोंडावर काही बोलत नाही, उलट 'वी आर प्राउड ऑफ यू' म्हणतो, टाउनहॉलमध्ये टाळ्या होतात. आणि मग महिन्याभराने अप्रेझलचा फॉर्म येतो.

दोन वर्षांपूर्वीचा लेफ्टनंटचा फॉर्म मी भरला होता. कामात त्याला खोट काढायला जागाच नव्हती. पण रेटिंगची उतरंड लावायची असते, कुणाला तरी खाली बसवावंच लागतं. मी 'उपलब्धतेचा प्रश्न' असा एक शेरा मारला. दोन शब्द. त्या वर्षी ऑनसाइटची एक संधी होती, ती दुसऱ्याला गेली. लेफ्टनंटने मला कधी विचारलं नाही, आणि मीही कधी सांगितलं नाही. ९ मेच्या दुपारी तो केटीचं विचारत होता तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तो फॉर्म होता.

कायदा काय म्हणतो? प्रादेशिक सेनेत बोलावलेल्या माणसाला रजा देणं आणि तो परतला की कामावर परत घेणं हे मालकाचं कर्तव्य आहे, असं त्या कायद्यातच लिहिलंय. म्हणजे नोकरी जात नाही. पण रेटिंग जातं, बढती लांबते, महत्त्वाचं काम हळूहळू दुसऱ्याच्या टेबलावर सरकतं. हे कुठल्या कलमात पकडणार? आणि हे करणारी माणसं काही खलनायक नसतात हो. माझ्यासारखीच असतात, शुक्रवारी संध्याकाळी घाईघाईत फॉर्म भरणारी.

परिणाम काय होतो? दोन-तीन वर्षं सोसून माणूस कंटाळतो आणि सोडून देतो. नेमका तेव्हा, जेव्हा त्याच्यावर झालेला खर्च आणि मेहनत फळाला येत असते. मग लष्कराला पुन्हा नवा माणूस, पुन्हा पहिला महिना. आपल्याकडे अॅट्रिशनवर तासन् तास मीटिंगा होतात, तेव्हा ही किंमत कुणाला समजावून सांगायला नको.

आणि आपण तरी पगारी, सुखवस्तू लोक. कोल्हापूरला भरती निघाली की हजारो पोरं रात्रीपासून रांगेत बसतात. त्यातल्या बहुतेकांना ही जोड-सेवा नकोय, नोकरी हवीय. पण प्रादेशिक सेना ही कायमची नोकरी नाही. युनिट एम्बॉडी केलेलं असेल, म्हणजे प्रत्यक्ष सेवेत बोलावलेलं असेल किंवा कॅम्प चालू असेल, तोवर पगार. नाहीतर घरी. त्याला गावाकडच्या शेतात किंवा एमआयडीसीतल्या शिफ्टमध्ये परत जागा ठेवणारा मालक मिळाला तर ही रचना चालते, नाहीतर त्याची ससेहोलपट. म्हणजे तिथेही प्रश्न शेवटी मालकापाशीच येतो. मे २०२५ च्या त्या आदेशात पायदळाच्या ३२ पैकी १४ बटालियनी एम्बॉडी करायचं म्हटलं होतं, आणि तो आदेश फेब्रुवारी २०२८ पर्यंतचा. तीन वर्षं! कुणाच्या तरी दुकानात, कुणाच्या तरी कारखान्यात तेवढी जागा कुणीतरी राखून ठेवायची असते.

काही जण म्हणतील, इतका खटाटोप कशाला, पूर्णवेळ सैन्यच वाढवा. पैसा किती लागेल ते सोडा. पण शांततेच्या काळात जे हात क्वचितच लागतात आणि संकटात एकदम लागतात, त्यांना बारा महिने बसवून ठेवणं कुठल्याच देशाला परवडत नाही. आपणही सर्व्हर तसेच घेतो ना? रोजच्या लोडपुरते कायमचे आणि दिवाळी सेलपुरते जादा. फक्त जादा सर्व्हर आयत्या वेळी चालू होतात की नाही, हे दिवाळीआधी तपासायचं असतं.

माझा सगळ्यात मोठा आग्रह याच तपासण्याचा आहे. आमच्याकडे डीआर ड्रिल असतं, म्हणजे मुख्य डेटा सेंटर बुडालं असं धरून दुसरीकडून सगळं चालवून बघायचं. पहिल्या ड्रिलला आमची कशी फजिती झाली होती ते आठवलं की अजून घाम फुटतो. बॅकअप होता, पण पासवर्ड ज्याच्याकडे तो लग्नाच्या रजेवर! हे कागदावर कधीच दिसलं नसतं. राखीव सैन्याचंही असंच ड्रिल कंपन्यांनी आपल्या बाजूने करावं. तुमच्याकडे प्रादेशिक सेनेतला माणूस असेल तर तो परवा निघाला असं धरून एक दिवस काढा. त्याचं काम कोण घेणार? त्याच्या पगाराचं काय? त्याच्या घरच्यांच्या मेडिक्लेमचं काय? परत आल्यावर तो कुठे बसणार? उत्तरं मिळाली नाहीत तर तयारी लष्कराची कमी नाही, आपली कमी आहे.

आणि ज्यांना प्रादेशिक सेनेत जायची इच्छा आहे त्यांनाही एक सांगावंसं वाटतं. गणवेशातल्या फोटोसाठी जाऊ नका. लेफ्टनंट वर्षभर सकाळी साडेपाचला उठून पळतो, कॅम्प असो नसो. मी विचारलं, रोज कशाला? तर म्हणे, "कॅम्पचे पहिले पंधरा दिवस दम लागण्यात घालवले तर उरले पंचेचाळीस. मग शिकायचं कधी?" म्हणजे त्याच्या साठ दिवसांमागे आणखी तीनशे दिवस आहेत, जे कुणी मोजत नाही. मी तर नाहीच मोजले.

असो. पुढच्या महिन्यात लेफ्टनंटचा कॅम्प आहे. या वेळी मी रिलीजची तारीख ठरवतानाच ते दोन महिने धरलेत, आणि त्याचं मोड्यूल मी स्वतः शिकून घेतोय. दुसऱ्याचा कोड वाचणं म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहेच! अप्रेझलचा फॉर्मही आलाय. उपलब्धतेच्या रकान्यात काय लिहायचं ते ठरलंय, पण त्याआधी जुन्या शेऱ्याबद्दल त्याला सांगायचं राहिलंय. सोमवारी चहाला नेतो आणि सांगतो. तो काय म्हणेल माहीत नाही, पण त्याने कॅम्पला जाण्याआधी हे माझ्याकडून ऐकलेलं बरं.